परीक्षा सर्वांसाठी, माहिती मोजक्यांसाठी

मार्च २०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने एक निर्णय जाहीर केला. २०२४-२५ या वर्षापासून पीएचडीच्या प्रवेशासाठी विद्यापीठांना नेटचे गुण वापरता येतील, प्रत्येक विद्यापीठाच्या निराळ्या प्रवेशपरीक्षेची गरज उरणार नाही. ज्यांना जेआरएफ मिळालेली नाही, त्यांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन राहील. तीन महिन्यांच्या आत या व्यवस्थेची परीक्षा झाली. १८ जूनला झालेली यूजीसी-नेट १९ जूनला रद्द करण्यात आली. २५ जूनपासून व्हावयाची सीएसआयआर-यूजीसी नेट २१ जूनला पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या अखेरीस पार पडली. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी बसतात ते या दुसऱ्या परीक्षेला.

त्या काळात देशभर जी चर्चा झाली, ती पेपरफुटीची आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या विश्वासार्हतेची होती. चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. परीक्षा सुरळीत पार पडली, निकाल वेळेवर लागला आणि विद्यार्थी उत्तीर्ण झाला, तर पुढील पाच-सहा वर्षांबद्दल त्याला काय ठाऊक असते? प्रामाणिक उत्तर असे, की बहुतेकांना जवळजवळ काहीच ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ते गुणवत्तेमुळे नव्हे, तर योगायोगाने जन्मलेल्या घरामुळे किंवा योगायोगाने लाभलेल्या महाविद्यालयामुळे ठाऊक असते. भारतीय भौतिकशास्त्रातील खरी असमानता इथे आहे, आणि ती कोणत्याही प्रवेशपरीक्षेच्या सुधारणेने दूर होणारी नाही.

रायपूरच्या तेलीबांधा भागाचे उदाहरण घ्यावे. तलावाकाठच्या ‘मरीन ड्राइव्ह’वर संध्याकाळी गर्दी असते आणि त्याच जी. ई. रोडने पुढे गेले की नालंदा परिसराचे चोवीस तास उघडे असणारे ग्रंथालय लागते. तिथे स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले रात्र रात्र बसतात. अभ्यासाची जिद्द या शहरात कमी नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, एनआयटी आहे, जवळच आयआयटी भिलाई आहे. परंतु छत्तीसगडमध्ये आयसर नाही. टीआयएफआर मुंबईत, आयुका आणि एनसीआरए पुण्यात, नायसर आणि इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स भुवनेश्वरात. या भागातील एखाद्या मराठी घरातील मुलगी एमएस्सी करीत असेल, तर पीएचडी म्हणजे काय हे तिला सांगणारे तीन स्रोत असतात: शिकवणी वर्गाचा फलक, युट्यूबवरील ‘रणनीती’ आणि एखादा वरच्या वर्गातील विद्यार्थी. तिघेही एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे नेट कशी काढावी. काढल्यानंतरचे कोणी बोलत नाही.

शिकवणी वर्गांनी पसरवलेला हा समज, की पीएचडी म्हणजे जेईईची थोरली बहीण, अत्यंत घातक आहे. नेटच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात तीन तासांत जास्तीत जास्त ५५ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे प्रत्येकी सव्वातीन मिनिटे. दिलेल्या चार पर्यायांत एक उत्तर बरोबर आहे, ही हमी आधीच मिळालेली असते. संशोधनात ही हमी नसते. प्रश्न बरोबर विचारला आहे की नाही, हेच कित्येक महिने समजत नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचे उदाहरण पाहावे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षे नोंदवले जातात. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाने अतिमंद कंपनसंख्येच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या, तेव्हा युरोपीय नोंदी सुमारे २५ वर्षांच्या झाल्या होत्या. अशा कामात मोबाइल मनोऱ्यांचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट आकड्यांतून वेचून काढणे यातच एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष जाते. सव्वातीन मिनिटांचे कौशल्य तिथे निरुपयोगी नसते, परंतु पुरेसे मुळीच नसते. उत्तम रँक मिळवून आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी खचतो तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. त्याला कोणी सांगितलेलेच नसते, की न सुटणे ही या कामाची रोजची अवस्था आहे.

घरातून मिळणाऱ्या माहितीचे मोल किती, हे जयंत नारळीकरांच्या चरित्रावरून दिसते. त्यांच्या प्रतिभेबद्दल वाद असण्याचे कारण नाही. १९५७ साली ते केंब्रिजला गेले, १९६३ मध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी मिळवली, आणि पुढे पुण्यात आयुका उभी केली. परंतु त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः केंब्रिजला शिकलेले गणिती होते आणि बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक होते. केंब्रिज म्हणजे काय, तिथे कोण काय शिकवते, कोणाकडे जावे, हे ज्या घरात जेवताना बोलले जाते, त्या घरातील मुलाला नकाशा आयता मिळतो. चालावे त्यालाच लागते. नारळीकर चालले, आणि फार दूरवर चालले. दुसरी गोष्ट मार्गदर्शकाची. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांच्या निरीक्षणांनी स्थिर-स्थिती विश्वसिद्धांतावर हल्ला चढवला, तेव्हा रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर मांडण्याचे काम हॉईल यांनी आपल्या नवख्या विद्यार्थ्यावर सोपवले. सिद्धांत पुढे टिकला नाही, विद्यार्थी मात्र घडला. असा मार्गदर्शक लाभणे हे पीएचडीच्या यशाचे निम्मे कारण असते. आणि मार्गदर्शक निवडण्यासाठी लागणारी माहिती भारतात कुठेही छापलेली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. निनावी परीक्षा हेच दुर्बलाचे कवच आहे. ओळखी, शिफारशी आणि मुलाखती यांना महत्त्व आले की वशिल्याला दार उघडते. तेलीबांध्याच्या मुलीला परीक्षाच तारते. हे खरे आहे, आणि म्हणूनच परीक्षा रद्द करा असे कोणी म्हणू नये. परंतु परीक्षा तिला केवळ दारापर्यंत नेते. त्यानंतर मुलाखत होते, गट ठरतो, गाईड ठरतो, विषय ठरतो. हे सारे अनौपचारिक माहितीवर चालते. कोणत्या प्रयोगशाळेत उपकरण दोन वर्षे बंद पडले आहे, कोणता प्राध्यापक तीन वर्षांत निवृत्त होणार आहे, कोणाचे विद्यार्थी सात वर्षे लोटली तरी प्रबंध सादर करू शकलेले नाहीत, हे मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांतून सर्वांना माहीत असते आणि रायपूरमध्ये कोणालाच नसते. कवच दाराशी संपते. वशिला दाराच्या आत सुरू होतो. माहिती उघड करणे हाच त्यावरचा उतारा आहे.

पैशाचा विषय भौतिकशास्त्रात बोलणे हलके मानले जाते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांचा हा शिष्टाचार आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. केंद्रीय विद्यापीठांत नेटविना प्रवेश घेतलेल्यास ८,००० रुपये मिळतात, आणि राज्य विद्यापीठांत अनेकदा तेवढेही नाहीत. एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलापाशी, तेच काम करणाऱ्या दोघांत इतके अंतर असू शकते. त्यात मराठी विद्यार्थ्यासाठी आणखी एक खाच आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपसाठी महाराष्ट्राचा रहिवासी असणे ही अट आहे. रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. त्याआधी तिथे भोसल्यांचा अंमल होता. घरात आजही मराठी बोलली जाते. परंतु रहिवासाचा दाखला छत्तीसगडचा, म्हणून या योजनांचे दार बंद. हे ठाऊक नसल्याने कोणी त्या आशेवर प्रवेश घेतला, तर वर्ष वाया जाते.

त्याहून मोठा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन. फेलोशिप सामान्यतः पाच वर्षांची. मग सहाव्या वर्षी विद्यार्थ्याने काय खावे, याचे उत्तर नियमावलीत नाही. आणि पाच वर्षांतही पैसे वेळेवर मिळतील याची खात्री नाही. २०२४-२५ मध्ये इन्स्पायर फेलोशिपधारकांना कित्येक महिने विद्यावेतन मिळाले नसल्याच्या बातम्या राष्ट्रीय दैनिकांत येत राहिल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. तिचा भर खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे वित्तसाहाय्य देण्यावर आहे. देशाच्या विज्ञानाची बातमी लाख कोटींत येते आणि विज्ञान करणारा विद्यार्थी मार्चचे विद्यावेतन ऑक्टोबरात मागत असतो, ही विसंगती आता सवयीची होऊ लागली आहे. ती होता कामा नये.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे? ज्या गोष्टी मोठ्या संस्थांतील मुलांना फुकट कळतात, त्या येथे स्पष्ट सांगणे योग्य ठरेल.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. टीआयएफआरची परीक्षा साधारण डिसेंबरात, गेट फेब्रुवारीत, जेस्ट वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत, अमेरिकेतील विद्यापीठांच्या अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे एमएस्सीच्या तिसऱ्या सत्रातच सगळे ठरते. ‘आधी निकाल लागू दे, मग पाहू’ हा घरचा सल्ला प्रेमाचा असतो, पण त्याने पूर्ण एक वर्ष बुडते. याहून आधीची पायरी म्हणजे उन्हाळी प्रकल्प. तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी फेलोशिप, टीआयएफआर आणि एनसीआरएचे विद्यार्थी कार्यक्रम, आयुकाचा सुटीतील कार्यक्रम, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस उपक्रम, या सर्वांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. दोन महिन्यांच्या अशा कामातून जे कळते, ते शिकवणीच्या दोन वर्षांतून कळत नाही: आपल्याला हे काम आवडते की केवळ त्याची कल्पना आवडते.

दुसरी गोष्ट गाईडची. संस्थेचे नाव पाहून प्रवेश घेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पाच वर्षे संस्थेबरोबर नव्हे, एका माणसाबरोबर काढायची असतात. अर्काइव्हवर त्या प्राध्यापकांचे गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध विनामूल्य वाचता येतात. प्रायोगिक विषयांत प्रथम लेखक विद्यार्थी आहे का, हे पाहावे. उच्च ऊर्जेच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रात नावे वर्णानुक्रमे येतात, तिथे हा निकष लावू नये. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध आहेत. त्यांवरील तारखा आणि प्रास्ताविके वाचली, की कोणाच्या विद्यार्थ्याला किती वर्षे लागली याचा अंदाज येतो. त्यानंतर त्या गटातील चालू विद्यार्थ्यांशी, गाईडच्या अनुपस्थितीत, बोलावे. पहिला शोधनिबंध कितव्या वर्षी झाला, पाचव्या वर्षानंतर पैसे कोठून येतात, किती जण सोडून गेले, परिषदेला विद्यार्थी जातो की केवळ गाईड जातात, गेल्या तीन विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे विचारावे. विद्यार्थी उत्तर देताना अडखळला, तर ते अडखळणे हेच उत्तर.

तिसरी गोष्ट पत्रव्यवहाराची. ‘आदरणीय महोदय, मला लहानपणापासून विश्वाची ओढ आहे’ अशी पत्रे प्राध्यापकांना रोज येतात आणि न वाचता राहतात. एका शोधनिबंधाचे नाव, त्यातील एक न समजलेली किंवा पुढे नेता येईल अशी बाब, आणि स्वतः केलेल्या कामाच्या चार ओळी, एवढे पुरते. शिफारसपत्राबद्दल मात्र दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपल्याकडे अनेक प्राध्यापक ‘मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगतात. परदेशातील निवड समित्या अशी पत्रे पहिल्या परिच्छेदातच ओळखतात. ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षे शिकवले, त्याच्याबद्दल एक पान लिहिण्याचे कष्ट न घेणे ही शिक्षकी पेशाशी केलेली प्रतारणा आहे, आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

चौथी गोष्ट परदेशाची. अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या पीएचडीला सामान्यतः शुल्कमाफी आणि वेतन मिळते. जर्मनीत आधी पदव्युत्तर पदवी लागते आणि पीएचडी बऱ्याचदा नोकरीच्या करारावर होते. अनेक अमेरिकी विभागांनी जीआरईची सक्ती काढली आहे, हे न पाहता त्या परीक्षेवर हजारो रुपये घालवू नयेत. २०२५ मध्ये संघीय निधीच्या कपातीमुळे तिथल्या अनेक विद्यापीठांनी प्रवेश कमी केले. म्हणून केवळ त्याच दिशेवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. इटलीतील त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या आयसीटीपीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे, त्याचा खर्चही संस्था उचलते. आपल्या विभागांतून त्याचे नावही क्वचित ऐकू येते.

पाचवी गोष्ट विषयाची. ज्याला त्याला विश्वरचनाशास्त्र किंवा स्ट्रिंग सिद्धांत हवा असतो, कारण लोकप्रिय पुस्तकांत तेच असते. त्यांतील जागा अत्यल्प आहेत. दरम्यान हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिला लेसर, निर्वात-तंत्र, कंपननियंत्रण आणि संगणकीय विश्लेषण जाणणारी माणसे लागतील. हाताने काम करण्याला दुय्यम मानणारी आपली जुनी खोड भौतिकशास्त्रातही शिरली आहे, आणि देशाला त्याची किंमत द्यावी लागते.

प्रवेशानंतरचे सांगायचे तर तीन सवयी पुरतात: रोज काय केले आणि काय फसले याची वही ठेवणे, पहिल्या वर्षापासून लिहिणे, आणि अडल्यास महिनाभर गप्प न बसता आठवड्याच्या आत विचारणे. गाईडशी जमत नसेल तर पहिल्या दीड वर्षात गट बदलणे ही नामुष्की नव्हे. चौथ्या वर्षी सहन न होऊन सोडणे त्याहून फार क्लेशाचे असते. पीएचडीनंतर प्राध्यापकाची जागा मिळेलच असे नाही, हेही प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असावे. हे जाणूनही ज्याला आत यावेसे वाटते, त्याने अवश्य यावे.

परंतु विद्यार्थ्याला सल्ला देऊन संस्थांना मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. रोहिणी गोडबोले पुण्याहून आयआयटी मुंबईत आणि तिथून स्टोनी ब्रुकला गेल्या, १९७९ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली, आणि पुढे राम रामस्वामी यांच्यासह ‘लीलावतीज डॉटर्स’ हे जवळपास शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या वाटचालीचे पुस्तक २००८ मध्ये संपादित केले. वाट चालून आलेल्या व्यक्तीने ती मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. व्यक्तीने जे स्वेच्छेने केले, ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी बंधनकारक मानावे, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

प्रत्येक भौतिकशास्त्र विभागाने दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर पाच आकडे प्रसिद्ध करावेत: किती जणांना प्रवेश दिला, पीएचडीला सरासरी किती वर्षे लागली, किती जणांनी मध्येच सोडले, विद्यावेतन सरासरी किती उशिरा मिळाले, आणि गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थी आज कोठे आहेत. यातील एकही आकडा गोपनीय नाही. प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात तो पडून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाला नेटचे गुण देशभर लागू करता येतात, तर हे पाच रकाने भरण्याचा आदेशही काढता येईल. तो निघेपर्यंत विद्यार्थ्यांनी मुलाखतीच्या शेवटी, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले जाते तेव्हा, नम्रपणे हेच पाच आकडे विचारावेत. एकाने विचारले तर ते धारिष्ट्य समजले जाईल. प्रत्येकाने विचारले तर विभागांना उत्तरे तयार ठेवावी लागतील.